साहेब घोरून नाही राह्यले!

झोपेच्या बाबतीत आपला हात धरणारा माणूस अकोला-अमरावती पट्ट्यात दुसरा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो! एसटीत उभ्या उभ्या, न्हाव्याच्या खुर्चीत अर्ध्या दाढीवर, तालुक्याच्या बैठकीत पहिल्या रांगेत, थेट मोठ्या साहेबांच्या नाकासमोर! पाठ टेकायला मिळाली की मी गेलोच. एकदा मोटारसायकलवर मागे बसून अकोट ते तेल्हारा झोपून आलो. चालवणाऱ्याला वाटलं, कोणी पाठीवर तुरीचं पोतं टेकवून दिलं! लोक झोपेसाठी गोळ्या खातात आणि आपल्याला बघा, देवानं कशी भरभरून दिली, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगायचो.

मी चंद्रभान, तेल्हारा तालुक्यात कृषी सहायक. माझं घोरणं तर गल्लीत प्रसिद्ध होतं. फक्त माझ्या बायकोला, सीमाला, त्याचं कौतुक नव्हतं.

"तुमी घोरता त्याचं मले काही नाही," ती म्हणायची. "घोरता घोरता एकदम गप होता, त्याचं भेव वाटते. श्वासच थांबते जी तुमचा! मंग म्हशीवानी फुसकारा टाकता. दवाखान्यात दाखवा न एकदा."

"अवं, इंजिन गिअर बदलते थे!" मी म्हणायचो आणि दुसऱ्या कुशीवर वळायचो.

तर ते सतरा सालचं खरीप. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेलेली, अळी काही आटोक्यात येईना, आणि फवारणी करता करता औषधाच्या विषानं माणसं शेतातच पडू लागली. शेजारच्या जिल्ह्यातून रोज वाईट बातमी यायची. आम्हाला आदेश सुटले, गावोगाव सभा घ्या. तोंडाला मास्क बांधा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या उलट फवारू नका, हे सांगा. भाषण म्हटलं की मी तयारच!

त्या गावाचं नाव सांगत नाही. मला अजून तिथे तोंड दाखवावं लागतं.

सभा मंदिराच्या ओट्यावर होती. माइक थेट मंदिराच्या भोंग्याला जोडलेला. वीस मिनिटं मी असा बोललो, असा बोललो की वाऱ्यानंसुद्धा दिशा बदलली असती! मग म्हणालो, "आता तुमचे प्रश्न विचारा," आणि खुर्चीत बसलो. माइक मांडीवर. माणिकबाई नावाची एक बाई उठून उभी राहिली, एवढं मला आठवतं.

त्यानंतर आठवते ती एकदम शांतता! डोळे उघडले तर अख्खं गाव माझ्याकडे बघतंय. माणिकबाई उभीच. मी अनुभवी माणूस! बाईंचं मनोगत संपलं असणार हे ताडलं, ताडकन उठलो आणि टाळ्या वाजवल्या.

"माणिकबाईंचं हार्दिक अभिनंदन! बाकीच्या शेतकऱ्यांनीही त्यांचा आदर्श घ्यावा!"

एकही टाळी पडली नाही. ग्रामपंचायतीचा शिपाई मोतीराम माझ्या कानाशी आला.

"साहेब, थ्या सांगून राह्यल्या होत्या का त्याइचे मालक, नत्थुजी, पाठीवर पंप घेऊन कपाशीत कसे पडले. दहा दिस झाले, अकोल्याच्या दवाखान्यात हायेत. अन् तुमचं घोरणं भोंग्यावरून पार गावच्या शिवेपर्यंत गेलं."

आमच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात माणूस उभा आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पण तो भादवा होता. सगळ्या भेगा बुजलेल्या!

माझ्या घोरण्याला आधी पोरं हसली होती, मग मोठेही हसले होते. माणिकबाई रागावली नाही. पदर सावरून खाली बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. मी घरी आलो, जेवलो नाही, आणि सीमाला म्हणालो, "कोणत्या दवाखान्याचं म्हणत होती तू?"

अकोल्याच्या डॉक्टर उज्मा माझ्या पोरीच्या वयाच्या. त्यांनी छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाला तार अशी सगळी सजावट देऊन मला एक रात्र झोपवलं. मग कागद बघून म्हणाल्या, "काका, तुमचा श्वास चव्वेचाळीस वेळा अडतो."

"रात्रभरात चव्वेचाळीस? मंग ठीकच आहे!"

"तासाला चव्वेचाळीस. झोपेत घशातली वाट बंद होते. मेंदू घाबरतो आणि तुम्हाला उठवतो. तुम्हाला कळत नाही इतकंच. रात्रभर तुम्ही झोपताच कुठे? म्हणून दिवसा जिथे बसाल तिथे पडता."

घ्या! वऱ्हाडातला झोपेचा पहिलवान वर्षानुवर्षं झोपलाच नव्हता!

"तुम्ही यांना आणलंत ते बरं केलंत," डॉक्टर सीमाला म्हणाल्या. "तुमच्या कधी लक्षात आलं?"

"बारा वर्षं झाले, डॉक्टरीणबाई," सीमा म्हणाली. "ह्यायचा श्वास थांबला का मी नाकाखाली हात धरतो. चालू झाला का मंग झोपतो."

मला हे माहीत नव्हतं. मी छताचा पंखा बघत बसलो.

उपाय म्हणजे मशीन. रेडिओएवढा डबा, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क, आणि तो डोक्याला आवळायला पट्टे. डबा हवा ढकलणार, घसा उघडा राहणार. घरी येऊन आरशात पाहिलं तर गणपती आणि विमानाचा पायलट यांच्या मधलं काहीतरी दिसत होतं! बोलायला तोंड उघडलं की नाकातून शिरलेली हवा तोंडातून बाहेर. "सीमा" म्हणायला गेलो तर "फीमाऽऽफ" झालं! पहिल्या तीन रात्री मी मास्क ओरबाडून फेकला. डॉक्टरांना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "काका, दिवसा जागेपणी अर्धा-अर्धा तास लावून बसा. सवय होईल."

"हे कोणाले सांगू नको," मी सीमाला बजावलं. गावोगाव मास्कचे फायदे सांगणारा माणूस स्वतः मास्क लावायला लाजत होता. लोक हसतील, दुसरं काय!

रविवारी दुपारी सीमा बाजाराला गेली. मी दार नुसतं लोटलं, खाटेवर आडवा झालो, मास्क चढवला, डबा चालू केला. म्हटलं पाच मिनिटं सवय करू.

आणि मी झोपलो. पण कसा! बारा वर्षांची थकबाकी एका दुपारी वसूल करायला निघाल्यासारखा. घोरणं नाही, फुसकारा नाही, कूस बदलणं नाही. शांत!

पुढचं मला मोतीरामनं सांगितलं. आतापर्यंत चाळीसेक वेळा तरी सांगितलं असेल.

नत्थुजींना दवाखान्यातून सुट्टी झाली होती. त्यांची औषधं घ्यायला माणिकबाई तेल्हाऱ्यात आली होती. सभेत राहिलेलं बोलणं पुरं करावं म्हणून मोतीराम तिला माझ्या घरी घेऊन आला. "साहेब! ओ साहेब!" उत्तर नाही. दार ढकललं. आत मी उताणा, हात छातीवर, नाकाला नळी. मोतीराम जवळ आला, कान लावला आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाई! साहेब घोरून नाही राह्यले!"

माझं घोरणं थांबणं म्हणजे काय, हे त्या गावाला वेगळं सांगायला नको होतं! त्यात आदल्याच दिवशी मी पाठीवर पंप घेऊन त्यांच्या शिवारात फवारणीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं.

"फवारणीचं लागलं साहेबाले," माणिकबाई म्हणाली. "आमच्या ह्यायच्या नाकालेही अशीच नळी होती. हात नोको लावू! त्याच्यावरच जीव हाय."

"पण बाई, सिलिंडर कुठी हाय?" मोतीराम खाटेखाली शिरला. तिथे माझ्या चपला होत्या.

मग त्यानं फोन लावायला सुरुवात केली. अँब्युलन्सला लावला, सरपंचाला लावला, आमच्या हापिसातल्या बाबूला लावला. गल्ली गोळा झाली. बाया पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. माणिकबाई मात्र खाटेच्या पायथ्याशी बसली आणि माझे तळवे चोळू लागली. नत्थुजींचे पाय असेच थंड पडले होते म्हणे.

आणि नेमकी लाइन गेली! डबा बंद.

"गेली!" कोणीतरी ओरडलं.

"गेले?" मागच्यांनी विचारलं.

मोतीरामनं कधीतरी शिबिरात छाती दाबून माणूस जिवंत करताना पाहिलं होतं. त्यानं धोतर खोचलं आणि दोन्ही पंजे माझ्या छातीवर आपटले!

मला जाग आली ती अंगावर बैल बसल्यासारखी. मी ओरडलो, "अरे काय करतो!" तोंडावर सरकलेल्या मास्कमधून आवाज आला, "फाय फफोऽऽ!"

"जीव आला! जीव आला!" असं म्हणत मोतीराम दुप्पट जोरानं दाबू लागला. मी मास्क ओढून काढला, त्याला ढकललं आणि उठून बसलो. समोर पंचवीस माणसं. अंगात बनियन, गालांवर पट्ट्यांचे वळ.

तेवढ्यात दारातली गर्दी बाजूला झाली. सीमा! तिनं कोणाला काही विचारलं नाही. भेंडीची पिशवी कुठे पडली तेही पाहिलं नाही. सरळ येऊन तिनं माझ्या नाकाखाली हात धरला. मी डोळे उघडे ठेवून तिच्याकडे बघत होतो, तरी धरला! थोडा वेळ तसाच ठेवला.

"चालू हाय," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

मी सगळ्यांना खरं सांगितलं. झोपलो होतो. घोरण्याचं मशीन आहे. आजार आहे मला. सांगताना मान वर होईना. अँब्युलन्सवाले आले, पेशंट कोण म्हणून विचारू लागले, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मग फोन पाहिला, तर हापिसाच्या ग्रुपवर मला भावपूर्ण श्रद्धांजली! खाली माझा फोटो, बैठकीत झोपलेला. कोणाकडे माझा डोळे उघडलेला फोटोच नव्हता! वर मोठ्या साहेबांनी लिहिलं होतं, "जागरूक कर्मचारी गमावला."

हसत हसत लोक पांगले. माणिकबाई थांबली.

"बाई, त्या दिवशी सभेत..." मी सुरुवात केली. 

"म्हणजे तई सभेत तुमचा श्वास बंद होऊन राह्यला होता," ती म्हणाली, "अन् गाव हासत होतं. आमाले का माहीत, साहेब? मनावर नोका घेऊ."

माफी मी मागायची होती! ती माणिकबाईच मागून मोकळी झाली. माझे कान पेटले.

"तुमचं राह्यलेलं सांगा," मी म्हणालो. वही घेतली.

ती सांगू लागली. कपाशीच्या ओळींत नत्थुजी दिसेनात म्हणून ती कशी धावली, पंपाचे पट्टे तिला कसे सोडवता येईनात, त्यांना धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, कसं ओढलं. अजून त्यांना समोरचं धुरकट दिसतं. "अन् साहेब, तुमी मास्क वाटले थे फवारनाऱ्याले. पण ड्रममधी औषध कालवते कोन? पानी भरून देते कोन? बाई! तिच्या तोंडाचं काय?"

खरंच, आमच्या यादीत ती बाई कुठेच नव्हती. वीस मिनिटांच्या माझ्या भाषणात नव्हती. मी पापणी न हलवता ऐकत होतो. पेन हातात तसंच राहिलं होतं. आयुष्यात मी कोणाचं इतकं मन लावून ऐकलं नव्हतं, शप्पथ!

बोलता बोलता माणिकबाई थांबली. माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. मग मागे वळून हळूच सीमाला म्हणाली,

"बाई, साहेब डोये उघडे ठेवूनही झोपते काय?"