घरत सरांचा करपा

घरत सरांकडे चांगला आंबा घेऊन गेलात तर ते तुमचे आभार मानतात आणि आंबा परत देतात. त्यांना काळे डाग पडलेला लागतो. मे महिन्यात आमच्या उलव्याच्या सोसायटीत कोणाची पेटी नासली, की ती कचऱ्यात जात नाही, तिसऱ्या मजल्यावर सरांकडे जाते. सर दारातच डाग न्याहाळतात आणि सोयरीक जुळल्यासारखे खूश होतात. "करपा हाय. एक नंबर."

सर म्हणजे फळझाडांच्या रोगांचे निवृत्त शास्त्रज्ञ. आंब्याचा मोहोर आणि फळ काळं पाडणारी ही करप्याची बुरशी त्यांनी जन्मभर अभ्यासली. माणूस इथल्याच खाडीकाठच्या गावचा, त्यामुळे कितीही शास्त्र सांगू देत, मध्येच 'पन' आणि 'हाय' डोकावतंच. त्यांच्या फ्रीजमध्ये अंड्यांच्या जागी बुरशीच्या नळ्या असतात. बुरशीला खायला म्हणून बटाट्याचं पाणी, साखर आणि चायना ग्रास ते स्वतः शिजवतात. गणपतीत आमच्या सेक्रेटरींनी त्यातली एक वाटी खरवस समजून अर्धी संपवली. सर हळहळले. "अरेरे, आता दूषित झालं असंल." ही काळजी आपल्या पोटाची आहे, असं सेक्रेटरींना बरेच दिवस वाटत होतं.

एवढी औषधं निघाली तरी हा करपा मरत का नाही, असं विचारण्याचा गाढवपणा मी एकदा केला. चहा निवला तरी उत्तर चालूच.

"औषध बुरशीच्या अंगातल्या एका प्रथिनाला धरतं. दाराच्या कडीला कुलूप लावावं तसं. पन त्या प्रथिनाच्या जनुकातलं एक अक्षर बदललं, की कडीच गेली. आता लावा कुलूप."

"म्हणजे बुरशी हुशार झाली," मी म्हटलं.

सर दुखावले. "ती शिकत नाय हो. लाखांत एखादी आधीच तशी असते. आपन दरसाल तेच औषध मारतो, बाकीच्या मरतात, ती उरते. मग सगळीकडं तिचाच वंश."

आमच्या सोसायटीच्या कमिटीचंही असंच झालं आहे, हे मला सांगायचं होतं, पण सेक्रेटरी खालीच राहतात.

यंदा सर मुलाकडे पुण्याला गेले आणि इकडे त्यांचा फ्रीज बंद पडला. परतल्यावर ते आमच्या दारात आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. नळ्या सगळ्या सुकल्या होत्या. त्यातल्या एकीतला कण त्यांनी काचेच्या बशीत खाद्याच्या नव्या थरावर ठेवला होता, जीव उरला असेल तर उगवेल म्हणून; वर झाकण.

"तुमच्याकडं ठेवा. माझ्याकडं असली तर मी सारखं झाकण उघडीन आणि भलतीच बुरशी येऊन पडेल."

माझी बायको सुजाता स्वयंपाकघरात रोगराई ठेवून घ्यायला तयार नव्हती. "करपाच ना, सर? बाजारात पेटीभर मिळेल."

"हा नाय मिळनार," सर म्हणाले आणि खुर्चीत बसले.

शिकत असताना ते करप्याची पानं गोळा करत गावोगाव हिंडायचे. आता जिथून विमानतळाचा रस्ता जातो, तिथं एका घराच्या दारात रायवळ आंबा होता. औषधाचा थेंब कधी न पाहिलेला. खरं तर एक पान पुरलं असतं, पण सर दर रविवारी जात राहिले. शेवटी त्या घरच्या मुलीनं, विमलनं, विचारलं, "आमच्या एकाच झाराला कवरा रोग झालाय?" 'कवरा' म्हणजे केवढा. तिच्याशीच पुढं त्यांचं लग्न झालं.

"आंबा रस्त्यात गेला. घर गेलं. मग विमल गेली. त्या पानावरची बुरशी मी नळीतून नळीत जगवत आलोय. तिची कडी अजून शाबूत हाय. औषध लावलं तर लगेच मरेल. तिला कायच ठाऊक नाय."

सुजातानं डाळीचे डबे सरकवले आणि फळीवर बशीला जागा केली.

मग रोज सकाळ-संध्याकाळ बेल. सर आत येत नसत, घरात कोणी आजारी असावं तसं उंबऱ्यातूनच हळू विचारत. काही नाही म्हटलं की "असू दे" म्हणून परत जात. ती बेल मला नकोशी झाली, कारण नाही म्हणवत नव्हतं. सुजाता तर डाळ काढता काढता बशीकडं बघून देवाचं नाव घ्यायची. करप्यासाठी नवस बोलणारी ती कोकणातली पहिलीच बाई असावी.

एका सकाळी त्या कणाभोवती पांढरे, कापसासारखे तंतू दिसले. सुजाता पिठाच्या हातांनीच वर धावली. सर आले, त्यांनी चष्मा पुसला, बशी खिडकीच्या उजेडात धरली. झाकण उघडलं नाही. बराच वेळ बघत राहिले.

"कवरी वाट बगाला लावलीस गो," ते म्हणाले.

आम्ही दोघं हळूच बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो.