दोराच्या खाचा

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेवर चिरेवाडी नावाची वस्ती आहे. पाणीपुरवठ्याच्या बाबतीत ती आंबेगावात मोडते, असं जुन्नरचं म्हणणं. जुन्नरमध्ये मोडते, असं आंबेगावचं. निवडणुकीच्या वेळी मात्र ती दोन्हीकडे मोडते.

वस्तीच्या मधोमध महादेवाचं जुनं दगडी देऊळ आणि देवळापुढं बारव. बारव कधी आटली नाही, पण तिच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा गाळ होता. चैत्र लागला की हंड्यात पाण्याबरोबर चिखलही शेंदून यायचा. लोक तो खाली बसायची वाट बघत आणि वरचं पाणी पीत.

ग्रामपंचायत सदस्य भिमाजी यानं हा गाळ काढायचं मनावर घेतलं, त्यामागं समाजसेवा नव्हती. सून स्नेहल बाळंतपणाला राजुरीला माहेरी गेली होती आणि तिथल्या नळाला पाणी बघून तिचं मत बदललं होतं. तिनं निरोप धाडला, की दारात चांगलं पाणी येईल त्या दिवशी बाळाला घेऊन येते. माझं पोर म्हणजे गाळात बुचकळायला रेडकू नाही. नातवाचं नाव शौर्य ठेवलं, हे भिमाजीला फोनवर कळलं.

त्यानं नळासाठी अर्ज केले, गाळासाठी केले. सगळे विचाराधीन झाले. शेवटी तो ओतूरला घेवरचंद शेठच्या पायपांच्या दुकानात जाऊन बसला. शेठचे पूर्वज मारवाडातून आलेले असले तरी सल्ला अस्सल ओतूरचा होता.

"भिमाजीभाऊ, तुमी अर्जात तहान लिहिता," शेठ म्हणाले. "तहान काय सगळ्यांनाच लागती. बारव जुनी हाय ना? मग 'प्राचीन' लिहा. नळाला निधी नाय, इतिहासाला हाय."

भिमाजीनं 'प्राचीन' लिहिलं. कमी पडायला नको म्हणून पुढच्या ओळीत 'अतिप्राचीन' लिहिलं. बांधणारा कोण, या रकान्यात वस्तीच्या समजुतीप्रमाणं 'पांडव' असं भरलं आणि राहण्याचा पत्ता कोरा सोडला.

जी जीप पाण्यासाठी कधी आली नव्हती, ती इतिहासासाठी त्याच आठवड्यात आली. तिच्यातून वारसा संवर्धनाचे साहेब उतरले. भिमाजी त्यांना गाळ दाखवत होता, पण साहेब बारवेच्या काठाशी गुडघे टेकून बसले होते आणि चिऱ्यांवरून बोटं फिरवत होते.

"या खाचा कशाच्या?"

"दोराच्या, सायेब. पानी शेंदून शेंदून पडल्यात. ही आमच्या आज्जीची, ही आईची. अन्‌ ही उथळ दिसती ती आमच्या मंडळींची, आजून चालू हाय."

"अमूल्य!" साहेबांचे डोळे पाणावले. वस्तीत त्या दिवशी दिसलेलं ते एकमेव स्वच्छ पाणी. "या जपल्याच पाहिजेत. आजपासून इथं दोर लावायचा नाही."

"पण सायेब, दोर लावला म्हनून तर खाचा पडल्या."

"म्हणूनच. आणखी लावलात तर झिजतील."

गाळाचं काय, असं भिमाजीनं भीत भीत विचारलं. गाळ हा आता गाळ राहिला नसून तो सांस्कृतिक थर झाला आहे, तेव्हा त्याला हात लावणं गुन्हा ठरेल, असं साहेबांनी समजावलं. लवकरच बारवेभोवती लोखंडी कठडा आला आणि त्यावर निळी पाटी लागली: 'येथे पाणी भरण्याची प्राचीन परंपरा होती. पाणी भरण्यास सक्त मनाई आहे.'

बाया डोंगराखालच्या ओढ्यात झरे उकरू लागल्या. भिमाजीची बायको चिमाबाई भरल्या हंड्यानिशी चढ चढून आली आणि दारात बसलेल्या नवऱ्याकडं बघून म्हणाली, "तुमाला गाळ काढायचा व्हता. समदी बारवच काढून दिली की वो."

या टोमण्यानं भिमाजीचं डोकं चाललं. पाटीच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की परंपरागत पूजाअर्चेस बाधा येणार नाही. महादेवाला अभिषेक बारवेच्याच पाण्याचा, ही परंपरा तर पांडवांच्याही आधीची. दुसऱ्या दिवसापासून चिरेवाडीत भक्तीची लाट आली. एरवी शिवरात्रीलाही न फिरकणारे गडी पायऱ्या उतरून घागरी भरू लागले, गेणू गुरव मंत्र म्हणत महादेवावर घागरीवर घागर ओतू लागला आणि देवळामागं जिथं पाणी बाहेर पडतं, त्या गोमुखाखाली बायांनी हंड्यांची रांग लावली. देवाला अंघोळ, वस्तीला तीर्थ. वस्ती ते तीर्थ भांडी घासायलाही वापरू लागली.

साहेबांना हे कळलं. त्यांनी येऊन पिंडीची जाडी मोजली आणि अभिषेक बंद केला. पिंड झिजत होती. गेणू गुरवानं कोरड्या फडक्यानं देव पुसायला सुरुवात केली. चिमाबाईनं गाभाऱ्यात डोकावून हात जोडले आणि म्हणाली, "चला, आता देवाला अन्‌ आमाला येकच न्याव."

त्यानंतर पर्यटनवाल्यांना खाचांचा पत्ता लागला. खाचा नुसत्या बघून लोकांना समजत नाहीत, तेव्हा त्या कशा पडल्या याचं दर रविवारी प्रात्यक्षिक व्हावं, असं ठरलं. खऱ्या चिऱ्यांवर फायबरचा काठ बसवण्यात आला आणि चिमाबाईसह वस्तीतल्या बायांना नऊवारी नेसून पाणी शेंदायची रीतसर परवानगी मिळाली. अट एकच होती. फोटो झाल्यावर पाणी परत बारवेत ओतायचं. वारशात घट येता कामा नये.

पुण्याहून गाड्या येऊ लागल्या. बाया शेंदत, लोक टाळ्या वाजवत, बाया ओतत. पाहुण्यांना मात्र ऊन लागायचं. येताना आणलेल्या पाण्याच्या बाटल्यांतून ते चार घोट पीत आणि उरलेली बाटली देवळाच्या ओट्यावर विसरून जात. पहिली बाटली चिमाबाईनं उचलली. महिनाभरात सगळी वस्ती रविवारची वाट बघू लागली. ओटाभर निम्म्याशिम्म्या बाटल्या हंड्यात रिचवल्या, की आठवड्याचं पिण्यापुरतं भागायचं.

भिमाजीनं राजुरीला अभिमानानं निरोप धाडला: पाणी आलं. गाळलेलं, कंपनीचं. ओढ्याचं नाव नको.

स्नेहल शौर्यला घेऊन आली ती रविवारीच. न्हाणीत दगडावर पाय पसरून, पायांवर बाळ घेऊन ती बसली. बाळाला तेल लावून झालं होतं, पण सकाळच्या वेळी बाटल्या कमी, त्यामुळं घंगाळ काही भरेना. चिमाबाई नऊवारीतच ओट्याकडं धावली.

तिथं एक बाई उभ्या होत्या. शिकलेल्या, मनानं हळव्या, चार चांगली पुस्तकं वाचणाऱ्या, तुमच्याआमच्यातल्याच. हातात निम्मी भरलेली बाटली होती आणि ती त्यांनी नुकतीच तोंडाला लावली होती.

"ताई, समदी पिऊ नगा," चिमाबाई म्हणाली. "नातवाची आंगूळ ऱ्हायलीय."

बाईंनी सगळी हकिगत विचारली. चिमाबाईनं खाचांपासून घंगाळापर्यंत सांगितली. ऐकता ऐकता बाईंना भरून आलं. या माणसांविषयी कुणीतरी लिहायला हवं, असं त्या कितीदा तरी म्हणाल्या. म्हणता म्हणता त्यांच्या घशाला कोरड पडली, आणि उरलेलं पाणी त्यांनी पिऊन टाकलं.