आजगावकरांचं लोखंड

आमची ओळख झाली तेव्हा आजगावकरांनी माझं गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. हात हातात धरून म्हणाले, "तुमच्या रक्तातलं लोखंड कुठून आलं, माहीत आहे?"

"पालकातून," मी म्हणालो.

त्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली.

बहारीनच्या अल्युमिनियम कारखान्यात मी हिशेबखात्यात, ते प्रयोगशाळेत. ही सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. धातूच्या तुकड्यावर ठिणगी पाडायची आणि तिच्या प्रकाशावरून त्यात लोखंड किती ते ओळखायचं, हे त्यांचं काम. "ताऱ्यांचंही असंच," ते म्हणत, "फक्त तिथे ठिणगी आयती मिळते."

त्यातही त्यांचा जीव म्हाताऱ्या तारकागुच्छांवर. लाखो तारे एकाच गोळ्यात, आणि त्यांच्यात लोखंड अगदी नावाला. कारण लोखंड ताऱ्यांच्या पोटात शिजतं आणि तारा फुटला की आसमंतात पसरतं. हे म्हातारे तारे जन्मले तेव्हा आधी फुटलेले तारे होतेच कितीसे? त्यामुळे फोरमन कोणावर खेकसला की आजगावकर माझ्या कानात सांगत, "लोखंड फार. अलीकडचा माल."

एकदा तिथल्या मराठी मंडळाच्या सहलीला त्यांनी दुर्बीण आणली. जूनची संध्याकाळ, समुद्रावर दमट वारा. दक्षिणेला अगदी खाली, नरतुरंग तारकासमूहातला तसलाच एक गुच्छ त्यांनी लावून दिला. जोशीवहिनींनी डोळा लावला आणि पदर पुढे केला. "थांबा, काच पुसते. डाग पडलाय."

"वहिनी, तो डाग लाखो सूर्यांचा आहे!" आजगावकर कळवळले. "आणि गंमत बघा, यातल्या काहींत लोखंड कमी, काहींत जास्त. एका घरातली भावंडं, मग असं का?"

"यल्ला, चला आजगावकर!" मागून कोणीतरी ओरडलं. "मटण खलास होतंय!"

रांग मोडली. ते एकटेच दुर्बिणीशी उभे राहिले.

पुढे आमच्या बसचा ड्रायव्हर गणपत, वेंगुर्ल्याकडचा, त्याची आई गेली. तार आली तोवर सगळं उरकलं होतं, आणि रजाही मिळाली नाही. आम्ही दोघं हिद्द गावात त्याच्या खोलीवर गेलो. वाटेत मला एकच धास्ती, हे तिथेही ताऱ्यांचा विषय काढणार.

आजगावकर सरळ स्टोव्हपाशी गेले आणि पेज शिजवायला लागले. गणपतने दोन घास कसेबसे घेतले. मग तोच म्हणाला, "सायबानू, ताऱ्यांचा कायतरी सांगा. बरा वाटात."

आजगावकरांनी मान हलवली. "माझो बापूस गेलो तेव्हा हय मराठी कळणारा एक माणूस नव्हता. मी तसोच ड्युटीर गेलंय." त्यांच्या तोंडून मालवणी मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "आज तू बोल. आवशीचा सांग."

गणपत अडखळत सांगू लागला. आई काजूच्या बिया भाजायची, चिकाने तिचे हात काळे व्हायचे, तसल्याच हातांनी ती त्याला शाळेत सोडायला यायची. मध्येच तो थांबला आणि पेजेची वाटी पुढेमागे सरकवू लागला.

आजगावकर चटईवर थोडे पुढे सरकले आणि हळूच म्हणाले, "मगे?"