दुसरी सीट आणि तिसरी बॅटरी

विमानाला बॅटऱ्या किती असाव्यात, या एका प्रश्नापायी त्या घरात दोन महिने कुणी धड जेवलं नव्हतं. पानावर बसलं की काका ताटाशेजारी कागद ओढत, कागदावर चौकोन काढत आणि त्या चौकोनाला रेघ ओढून आणखी एक चौकोन जोडत. काकू वाढता वाढता विचारत, "आज कितीवर आलंय?" आणि आकडा ऐकला की हातातलं भांडं जरा जोरातच खाली ठेवत.

विमान चांगलं खरंखुरं होतं बरं का. नऊ वर्षं घरामागच्या शेडमध्ये काकांनी ते स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. नकाशे मागवले, पत्रे कापले, भोकं पाडली, आणि ते चालवायचा रीतसर परवाना साठीला टेकता टेकता मिळवला. लोक या वयात कुंड्यांना पाणी घालतात, काका पंखांना रंग देत होते.

त्याआधी एकतीस वर्षं काका एका मोठ्या इस्पितळात जनरेटर सांभाळत होते. शहरातली वीज हजारदा गेली असेल, पण ऑपरेशनच्या टेबलावरचा दिवा काकांनी एकदाही विझू दिला नाही. एका जनरेटरच्या जोडीला दुसरा आणि दुसऱ्याच्या जोडीला तिसरा, हा त्यांचा धर्म. निवृत्त होताना तो त्यांच्याबरोबर घरी आला. घरात दोन कात्र्या, दोन गजराची घड्याळं, आणि चष्मा हरवला तर तो शोधण्यासाठी वेगळा चष्मा. गल्लीत त्यांना जोडकाका म्हणत. त्याचा त्यांना राग येत नसे, उलट जरा बरंच वाटे.

विमानाला दोन सीटा होत्या आणि दुसरी सीट काकूंची, हे काकांनी पहिल्या दिवसापासून ठरवलेलं. त्याला कारणही तसंच होतं. पत्र्यात रिव्हेट ठोकताना पलीकडून लोखंडी ठोकळा दाबून धरायला एक माणूस लागतो. तो माणूस नऊ वर्षं काकू होत्या. हाताला मुंग्या येईपर्यंत त्यांनी ठोकळा धरला, वर काकांच्या शिव्याही खाल्ल्या. तिला घेऊन एकदा तरी वर जायचं, बाकी जन्मात काही नको, असं काकांना मनापासून वाटे. तोंडाने मात्र त्यांनी ते कधी सांगितलं नाही. त्या पिढीत तशी पद्धतच नव्हती.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात एका सकाळी चहा घेताना काकांची जीभ सैल सुटली. नव्या इंजिनाचं कौतुक करताना ते म्हणाले की यातली ठिणगी विजेवर आणि पेट्रोलचा पंपही विजेवरच.

"आणि वीज गेली तर?" काकूंनी विचारलं.

"तर इंजिन बंद," काका म्हणाले आणि त्यांनी बशीत चहा ओतला.

काकूंनी कप खाली ठेवला. "मग मी नाही बसायची. तुम्ही जा."

झालं. काकांच्या तोंडचा चहाच कडू झाला. विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं तेवढंच उत्तर द्यायचं, ही त्यांची इस्पितळातली सवय. डॉक्टरांना ती फार आवडायची. घरात ती त्यांना अशी भोवली.

काकूंचा धाकटा भाऊ गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. काकांनी त्याला बोलावून घेतलं. त्याने इंजिन पाहिलं, हात पुसले आणि पाच मिनिटांत निकाल दिला. "दाजी, एक बॅटरी, तिच्या जोडीला एक बॅटरी, मधे एक स्विच. एक गेली की खटका दाबायचा, दुसरी चालू. दुसरीवर अर्धा तास तरी इंजिन चालतंय. तेवढ्यात कुठंही उतराल."

त्या रात्री काका शांत झोपले. सकाळी उठले ते मधला स्विच बिघडला तर काय, हा प्रश्न घेऊनच. म्हणून स्विचच्या जोडीला स्विच आला. मग वाटलं, दोन्ही बॅटऱ्या नाकाशी, इंजिनाच्या उष्णतेत बसणार, म्हणजे बिघडल्या तर दोघी एकदमच बिघडायच्या. म्हणून तिसरी बॅटरी शेपटीत. शेपटीतून नाकापर्यंत वीज आणायला अंगठ्याएवढी जाड तांब्याची तार. आता तीन बॅटऱ्यांतली कुठली चालू आहे ते कळायला तीन दिवे. दिव्याकडे लक्ष गेलं नाही तर भोंगा. आणि वीज गेल्यावर भोंगा वाजणार कशावर? म्हणून भोंग्याला त्याची स्वतःची छोटी बॅटरी. यातली एकही गोष्ट चुकीची होती असं कुणाला सिद्ध करता आलं नसतं. मेहुण्याने प्रयत्न केला आणि दर खेपेला तो स्वतःच वायर सोलत बसलेला आढळला.

मधे एकदा वजनाचा विषय निघाला. नव्या पद्धतीच्या हलक्या लिथियम बॅटऱ्या मिळतात, जुन्या शिशाच्या बॅटरीच्या पाव वजनाच्या, म्हणून काका काकूंना घेऊनच दुकानात गेले. दुकानदाराने त्या हातात घेऊन दाखवल्या, गुण गायले, आणि काकूंनी या पेटतात का म्हणून विचारलं तेव्हा अगदी प्रामाणिकपणे "सहसा नाही" असं सांगितलं. त्या "सहसा"ने घात केला. काकू तडक दुकानाबाहेर पडल्या, आणि काकांनी शिशाच्याच तीन जड बॅटऱ्या घेतल्या.

गंमत अशी की बॅटरी वाढली की काकूंची भीती कमी होईल, हा काकांचा हिशेब. प्रत्यक्षात उलटंच होत होतं. पहिल्या बॅटरीला त्या नुसत्या "नको" म्हणाल्या होत्या. दुसरीला गप्प बसल्या. तिसरी शेपटीत बसवताना मात्र हातातला पाना त्यांनी काकांच्या हातात दिला आणि बोलल्याच.

"मला एक सांगा. तुम्ही बांधलंय, तुम्हाला त्यातला खिळा न् खिळा माहितीये. तरी तुम्हालाच एवढी धास्ती वाटतेय, तर मला का वाटू नये?"

"मला कुठं वाटतेय? हे सगळं तुझ्यासाठी चाललंय. मी एकटा असतो तर एका बॅटरीवर गेलो असतो."

"म्हणजे एका बॅटरीवर भागतं?"

"भागतं म्हणजे... तसं नाही," काका म्हणाले. ते परत शेपटीत शिरले.

तपासणीचा दिवस उगवला. विमान ट्रकवर घालून शहराबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर नेलं होतं, पंख जोडले होते. तपासणीचे साहेब आले. शिडशिडीत, कमी बोलणारे, कानावर पेन्सिल. त्यांच्या सहीशिवाय विमान जमिनीवरून हलणार नव्हतं. काकू डबा आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन बाजूला खुर्चीवर बसल्या, मेहुणा विमानाच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून उभा राहिला.

साहेबांनी आत डोकावून खटके मोजले. चौदा भरले. त्यांनी पुन्हा एकदा मोजले. मग काकांना इंजिन सुरू करायला सांगितलं. इंजिन असं गोड सुरू झालं की काकांनी काकूंकडे पाहून मान डोलावली. साहेब पंखावर उभे राहून आत वाकले आणि त्यांनी एक नंबरची बॅटरी बंद केली. "ही गेली असं समजा. आता काय कराल?"

याच क्षणाची तर काका दोन महिने वाट बघत होते. लाल दिवा लागला आणि काकांनी दोन नंबरच्या बॅटरीचा खटका दाबला. भोंगा वाजला, आणि तो भोंगा काकांनी निवडलेला, म्हणजे साधासुधा नव्हताच. त्या कर्कश आवाजात काकांना सुचेनासं झालं. आधी हा आवाज बंद करावा म्हणून त्यांनी भोंग्याचा खटका खाली पाडला. भोंगा थांबला नाही, कारण पडलेला खटका पेट्रोलच्या पंपाचा होता. भोंग्याचा त्याच्या शेजारी. इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि मान टाकली. धावपट्टीवर सगळं शांत झालं. भोंगा तेवढा वाजत राहिला, त्याला स्वतःची बॅटरी होती.

एकतीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. काका तसेच बसून राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

"बॅटऱ्या तिन्ही ठणठणीत आहेत," साहेब म्हणाले. "इंजिन तुम्ही बंद केलंत."

काकांना ते माहीत होतं.

मग वजन. तिन्ही चाकांखाली काटे सरकवले, साहेबांनी आकडे मांडले, त्यात काकांचं वजन घातलं, पेट्रोल घातलं, आणि विमानाला झेपणाऱ्या वजनातून ते सगळं वजा केलं. दुसऱ्या सीटसाठी उरले एक्केचाळीस किलो. साहेबांनी काकूंकडे अदबीने पाहिलं आणि विचारलं नाही. काकूंनी आपणहून सांगितलं, "त्रेसष्ट."

मेहुण्याने तोंड फिरवलं, त्याला हसू आवरत नव्हतं. काकांना मात्र रडू यायचं बाकी होतं. ज्या माणसाला निर्धास्त बसवण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याच माणसाची जागा बॅटऱ्यांनी खाल्ली होती. त्यांनी खिशातून कागद काढला, पेन्सिल काढली, आणि जाड तारेऐवजी बारीक तार टाकली तर किती कमी होईल ते मांडायला लागले. काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"राहू द्या हो," त्या हळू म्हणाल्या. "मला नाही जमायचं. वर गेल्यावर वीज गेली आणि दगडासारखं खाली आलं म्हणजे? मला रात्री तेच दिसतं."

काका मान वर न करता आकडे मांडत होते. उत्तर साहेबांनी दिलं. पेन्सिल कानावर ठेवता ठेवता, अगदी सहज.

"दगडासारखं कसं येईल, बाई? पंख आहेत ना. इंजिन बंद झालं तर विमान तरंगत, उतरत येतं. चांगलं मोकळं मैदान बघून टेकवायचं. पंखांना वीज लागत नाही."

काकूंनी साहेबांकडे पाहिलं, पंखांकडे पाहिलं, मग काकांकडे. "हे खरं आहे?"

"म्हणजे काय? विमान आहे ते," काका म्हणाले. "परवान्यासाठी आधी तेच शिकवतात. मी पंधरा वेळा उतरवलंय तसं."

"आणि मला वाटत होतं, ते लिफ्टसारखं पडतं."

"तू विचारलंस वीज गेली तर काय. वीज गेली तर इंजिन बंद पडतं."

"धन्य आहे तुमची," काकू म्हणाल्या. "नऊ वर्षं मी त्या पंखांना ठोकळा लावून बसलेय. हे कशासाठी आहेत, एवढं तरी सांगायचं होतंत." त्यांना राग आला होता, हसूही येत होतं, आणि दोन महिन्यांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटत होतं. त्यांनी भावाला हाक मारली आणि शेपटीतली बॅटरी काढायला सांगितली. तार, भोंगा आणि जादा खटके त्याने न सांगताच काढले. साहेबांच्या सांगण्यावरून दोन बॅटऱ्या आणि मधला स्विच तेवढा राहिला, म्हणजे मेहुण्याने पहिल्या दिवशी सांगितलं तेच. "मी काय म्हणत होतो," असं तो पुढचा महिनाभर ज्याला त्याला सांगत होता.

पुन्हा वजन झालं, सही झाली, काकांनी चाचणीसाठी नेमून दिलेले सगळे तास एकट्याने उडून पूर्ण केले. आणि एका स्वच्छ सकाळी काकू दुसऱ्या सीटवर बसल्या. पट्टा त्यांनी स्वतःच आवळला.

विमान वर गेलं, खालचे रस्ते बारीक झाले. काकांना भरून आलं होतं आणि शिवाय दर अर्ध्या मिनिटाला त्यांची नजर बॅटरीच्या काट्यावर जात होती. काकू खिडकीला नाक लावून बराच वेळ खाली बघत राहिल्या. मग त्यांनी काकांच्या दंडावर टिचकी मारली.

"अहो, आता ते बंद करा ना."

"काय?"

"इंजिन. तरंगत जातं म्हणाले ना साहेब. बघू तरी कसं वाटतं."

काकांनी विमान वळवायचा दांडा दोन्ही हातांनी धरला. त्यांच्या कपाळावर घाम आला. आज जरा वारं आहे, असं काहीतरी ते पुटपुटले. वारं अजिबात नव्हतं.

काकूंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि मायेने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"घाबरू नका हो," त्या म्हणाल्या. "मी आहे ना शेजारी."