धुराच्या स्नानाची मसलत

श्री दर्याराज प्रसन्न. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सरे, पौष मासी सप्तसमुद्रींच्या पंचांनी हुकूम फिरविला की जहाजांच्या धुरातील गंधक उणे करावे, आणि त्या समयी एका किनारी राज्यात नऊ जहाजे होती, आणि नवांचा धूर बंदरावर ऐसा बसे की सूर्य उगवला तरी दिवस उजळीना. मग राजियांनी मसलत बसविली आणि तीन उपाय पुढे आले: अल्पगंधकी तेल जाळावे, परंतु ते महाग, वायू जाळावा, परंतु त्यास जहाजेच नवी पाहिजेत, अथवा जुनेच जाड तेल जाळोन धुराड्यात समुद्राच्या पाण्याचा फवारा मारावा आणि धूर धुवावा. हा तिसरा उपाय यंत्रप्रमुख बाळकोजी नाखवे यांचा. त्यांनी एका जहाजी धूर धुण्याचा मनोरा बसविला आणि महिनाभर रोज स्वहस्ते धुराड्याच्या मुखी गंधक मोजिले, तो धूर पिंजल्या कापसासारखा पांढरा आला, आणि आरमाराचे सरखेल राणोजी संतोष पावोन बोलिले, "नवांवर मनोरे चढवा, आणि बाळकोजींस दरबारी शेला द्या."

आणि दरबाराच्या आदल्या सकाळी खडकावरची कालवे वेचणारी चांगुणा कोळीण बाळकोजींच्या दारी आली आणि बोलली, "नाखवा, धूर धुतलास, लई बेस केलंस. पन धुवन कुठं वतलंस?"

बाळकोजी हसोन म्हणाले, "दर्यात. दर्या मोठा आहे, बाई."

"दर्या मोठा, पन माझी खाडी लहान. म्हयना झाला, धक्क्यापाशी कालवाचं पोर खडक धरीना. वर बघून मान आखडली असंल, वाईच खाली बघ."

मग बाळकोजी होडीत बसोन जहाजाच्या कुशीस गेले आणि सांडपाण्याच्या मुखी परीक्षेचा निळा कागद बुडविला, तो तत्काळ लाल जाहला, म्हणजे पाणी आंबट. आणि त्यांस उमगले की जे आपण नाहीसे केले म्हणत होतो ते आभाळातून उचलोन पाण्यात ठेविले होते, आणि त्या पाण्यात आपलेच मुख त्यांस परके दिसले.

मग दरबारी शेला पुढे आला, तो बाळकोजींनी हात मागे घेतले आणि विनविले, "महाराज, मनोरा माझा, चूकही माझी. धुराचे गंधक खाडीत उतरते. जुन्या जहाजांत अल्पगंधकी तेल घालावे, नवी बांधाल ती वायूची बांधावी."

सरखेल टोमणा मारोन बोलिले, "काल धुरास न्हाऊ घातलेत, आज आंघोळीचेच वावडे? आणि तप्त जाड तेलावरून थंड पातळ तेलावर येता यंत्र अडले, जहाज खडकावर गेले, तर?"

"घाई केली तर अडेल, सरखेल. मी स्वतः यंत्रापाशी उभा राहतो."

राजे बोलिले, "त्या तेलावर एक जहाज आणून दाखवा. अडले तर मनोरेच चढतील."

मग बाळकोजी जहाज घेवोन भर समुद्री गेले आणि एक प्रहर थोडे थोडे तेल पालटीत राहिले, आणि यंत्रास एकदा धाप लागली, परंतु बाळकोजींनी तेलाची चावी तसूभर मागे घेतली आणि वाट पाहिली, आणि यंत्र पुन्हा आपल्या लयीस लागले. आणि जहाज भरतीबरोबर खाडीत शिरले, तो धूर विरळ, आणि कुशीतून आंबट पाण्याचा थेंब नाही. राजियांनी तेच तेल नवांस नेमिले, आणि पुढील हंगामी धक्क्याच्या खडकांस नखाएवढी कालवे धरली.

एवंच, मोजणाराने मोजण्याचे ठिकाण बदलिले, म्हणोन खाडी वाचली. घडले तैसे लिहिले. वाचणाराचे आभाळ निर्मळ असो, आणि पाणीही.