मेव्हणा लिलावात

माणूस ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असं शिवशंकरचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. चिकलठाण्याच्या एका नटबोल्टच्या कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा आणि तिथं माणसांपेक्षा खोकीच जास्त भेटायची, ही गोष्ट वेगळी. पण मोबाइलवर त्याची स्वतःची बास्केटबॉलची टीम होती. खराखुरा बास्केटबॉल त्यानं जन्मात हातात धरला नव्हता. या ऑनलाइन खेळात तो धरावाही लागत नाही. आपण मालक व्हायचं, कोचही आपणच, कोवळी पोरं घ्यायची, शिकवून तयार करायची आणि जगभरच्या मालकांशी सामने लावायचे. सामना कॉम्प्युटर खेळतो, घाम आपल्याला फुटतो.

टीमचं नाव 'चिकलठाणा चित्ते'. नव्या पोराला मालकाच्या पसंतीचं नाव ठेवता येतं. टीममधला सगळ्यात गुणी पोरगा होता सहा फूट आठ इंचांचा. त्याचं नाव शिवशंकरनं फार डोकं न खाजवता 'शिवशंकर' ठेवलं होतं.

शिकवणीचा नियम मात्र कडक. सामन्यात ज्याला पूर्ण वेळ खेळवाल तोच शिकणार, आणि अशा जागा दोनच. एक जागा अर्थातच शिवशंकरची. दुसऱ्या जागेवर कुणाला घ्यावं, या चिंतेत असतानाच घरात वेगळं रामायण सुरू झालं.

नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली होती. आल्यागेल्या सगळ्यांना टोपी-टॉवेलाचा आहेर झाला, अगदी खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूलासुद्धा झाला, आणि सख्खा मेव्हणा बद्रीनाथ तेवढा राहिला. बद्रीनाथची लासूर स्टेशनला कांद्याची आडत. चारचौघांत ऊठबस असलेला माणूस. तो पंगतीत जेवला, हात धुतले आणि बोडक्या डोक्यानं निघून गेला. त्यानंतर फोन नाही की निरोप नाही.

"दिवाळी तोंडावर आलीय," रूपाली म्हणाली. "मला एकच भाऊ हाय. भाऊबीजेला तो नाय आला तर ओवाळू कुणाला? तुमच्या मोबाइलला?"

मोबाइलचं नाव निघालं आणि शिवशंकरच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं त्याच दिवशी टीममध्ये आलेल्या एका उंच पोराचं नाव 'बद्रीनाथ' ठेवलं आणि त्याचा फोटो मेव्हण्याला पाठवून दिला. खाली लिहिलं, 'आपला मान आमच्या टीममध्ये कायम.'

थोड्याच वेळात फोन आला. खरा बद्रीनाथ पाच फूट तीन इंच होता, तेही चपलेसकट.

"दाजी, उंची खरंच सहा फूट नऊ हाय?"

"हाय ना."

पलीकडं बद्रीनाथनं ती उंची आडतीवर कुणाला तरी मोठ्यानं सांगितली. मग तो म्हणाला, "टोपीचं जाऊ द्या. असल्या बारीकसारीक गोष्टी आमी मनात ठेवत नाय."

रूपाली खूश झाली, शिवशंकर त्याहून खूश झाला. इथंच थांबायला हवं होतं. पण बद्रीनाथनं तो खेळ आपल्या मोबाइलवर घेतला, कारण दुसऱ्याची टीम बघायला कुणालाही मुभा असते. आणि तो 'मी' म्हणून बोलायला लागला.

"दाजी, काल मला मधीच कामून बसवलं?" शिवशंकर खोकी मोजत असताना हा फोन.

"बद्रीनाथराव, पाच फाऊल झाले तुमचे. पाच झाले की बाहेर बसावं लागतं."

"माझ्या हातून फाऊल? आजवर काट्यात खोट केली नाय मी. पंचाची नजर गेलेली दिसती."

अर्थातच शिकवणीची दुसरी जागा मेव्हण्याला देणं भाग होतं. पण पोरगं काही केल्या शिकेना. एकदा त्याचा घोटा मुरगळल्याची सूचना आली, ती बद्रीनाथनं आडतीवर वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतःच लंगडत चालायला लागला. सासूबाई आक्काबाईंनी लासूरहून फोन केला.

"पाव्हणं, पोराच्या पायाला आंबेहळद लावली का?"

"मामी, तो खरा पाय नाही."

"खोट्या पायाला एवढी सूज कशी येईल? मी मीठमोहऱ्या उतरून टाकल्यात त्या मोबाइलवरनं. आता पळंल."

पळालं नाही. उलट खेळानंच त्याच्या नावाखाली लिहून टाकलं की या खेळाडूकडून आणखी प्रगतीची अपेक्षा नाही. कारखान्यात पॅकिंगला असलेल्या धम्मपालनं ते वाचलं. शिवशंकरला या खेळाचा नाद त्यानंच लावला होता.

"विकून टाक," धम्मपाल म्हणाला. "नवं पोरगं घे त्या जागी. तुला वरच्या गटात जायचंय का मेव्हणा पोसायचाय?"

"आणि त्याला कळलं तर?"

"कांद्याचा सीझन हाय. तेला कुठं टाइम हाय मोबाइल बघायला?"

शिवशंकरला हे पटलं. त्यानं बद्रीनाथला लिलावात ठेवलं. फिनलंडच्या याउको नावाच्या मालकानं तो उचलला. नवं पोरगं आलं, शिकायलाही लागलं. शिवशंकर शीळ घालत घरी गेला. भाऊबीज परवावर आली होती.

दारातच रूपाली फोन घेऊन उभी होती. तिनं तो पुढं केला.

"दाजी," पलीकडून बद्रीनाथ म्हणाला, "मला विकलं?"

"अहो, तसं नाही हो..."

"आमच्याकडं लोक गाडीभर कांदा आणतेत. सडका जरी असला तरी शेतकऱ्याला विचारल्याबगर आमी बोली लावत नाय. आणि तुमी जित्या माणसाला न विचारता फिनलंडला धाडलं? सगळ्या आडतीसमोर मी मोबाइल उघडला. टीममध्ये मीच नाय!"

फोन बंद झाला. रूपालीनं तो खाली ठेवला आणि पदरानं डोळे पुसले. "टोपी विसरलात ते मी गिळलं," ती म्हणाली. "आता माणूसच विकला. पाट मांडून ठेवला होता मी त्याच्यासाठी." शिवशंकरला खरोखर वाईट वाटलं. खेळ खोटा असला तरी तो रिकामा पाट खरा होता.

त्यानं तिथंच बसून याउकोला पत्र लिहिलं. मोबाइलकडून त्याचं भाषांतर करून घेतलं. त्यात वास्तुशांत आली, टोपी आली, भाऊबीज म्हणजे काय तेही आलं. याउको भला माणूस निघाला. त्याचं उत्तर आलं, 'मला सगळं समजलं नाही, पण तुमची पत्नी रडते आहे एवढं समजलं. बद्रीनाथ परत देतो. मात्र बदल्यात मला शिवशंकर विका.'

शिवशंकरनं आपल्या हिऱ्याकडं पाहिलं. बोट धरून शिकवलेला पोरगा. याच्या जिवावर वरचा गट गाठायचा होता. आत स्वयंपाकघरात भांडी नेहमीपेक्षा मोठ्यानं वाजत होती. त्यानं डोळे मिटून स्वतःला विकून टाकलं.

भाऊबीजेला बद्रीनाथ आला. येताना कांद्याची गोणी घेऊन आला, पायही लंगडत नव्हता. शिवशंकरनं आधी त्याच्या डोक्यावर चांगली भरजरी टोपी चढवली, मग रूपालीनं ओवाळलं. तिचा चेहरा असा फुलला होता की शिवशंकरला सगळं भरून पावल्यासारखं झालं. जेवताना न राहवून त्यानं सांगितलं, "बद्रीनाथराव, तुमच्यासाठी मी स्वतःला फिनलंडला पाठवलं."

बद्रीनाथचा घास हातातच राहिला. "म्हणजे तुमी आता टीममध्ये नाय?"

"नाही."

"मग कॅप्टन मीच की," बद्रीनाथ म्हणाला आणि त्यानं आणखी एक करंजी घेतली.

आठवड्याभरात लासूरला बातमी पसरली, की सोनाजीचा जावई फिनलंडला लागला. इतकी वर्षं नटबोल्ट मोजणाऱ्या शिवशंकरला सासरे सोनाजींनी आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन फोन केला आणि तिकडच्या थंडीची चौकशी केली. शिवशंकरनं खुलासा केला नाही. मान मिळतोय तर कशाला नाकारा?

त्या रविवारी चित्ते दणकून हरले. कॅप्टन बद्रीनाथनं दोन गुण केले आणि आडतीवर पेढे वाटले. शिवशंकरला त्याचं काही वाटलं नाही. फिनलंडमध्ये आपण काय दिवे लावतोय ते पाहायला त्यानं सहज याउकोचा कालचा सामना उघडला. पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला.

रूपालीनं जेवायला हाक मारली. तो उठला नाही. ती बाहेर आली, तर तो मोबाइलवर काहीतरी खरडत होता, तोंड पडलेलं.

"आता काय झालं?"

"काही नाही," शिवशंकर म्हणाला. "तो याउको. कधी संभाजीनगरला आलाच, तर त्याला चहा विचारायचा नाही."

तिनं वाकून मोबाइलमध्ये पाहिलं. पत्र अर्धंच झालं होतं. 'याउकोसाहेब, काल मला पूर्ण वेळ बेंचवर का बसवलं? माझी उंची सहा फूट आठ आहे...'