व्याह्यांच्या अंगणातली शिस्त

आधीच सांगून ठेवतो, चाकणच्या आमच्या कंपनीत माझ्याएवढा शिस्तीचा सुपरवायझर नाही! 'स्वच्छ विभाग' ढाल सलग तीन वर्षं माझ्याकडे. निगडीच्या घरी तर बायकोच्या पोळपाटाचीही जागा मी खडूनं आखून दिलीय!

तर आमच्या लेकीचं, दिव्याचं लग्न जमलं. मुलगा निरंजन, तिच्याच ऑफिसातला, घर हर्णैच्या कोळीवाड्यात. नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी सुपारी फोडायचं ठरलं. आम्ही आदल्या संध्याकाळीच पोचलो. वाटेत कस्तुरानं, म्हणजे बायकोनं, चारदा बजावलं, "अहो, तिथं कशाला हात लावू नका."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

पण फर्स्ट शिफ्टची सवय, राव! पाचला उठलो. अंगणात बघतो तर भलंमोठं जाळं अस्ताव्यस्त पसरलेलं, वर जागोजाग लाल चिंध्या! मला राहवेना. खिशातल्या कटरनं चिंध्या कापून टोपलीत भरल्या, जाळ्याची सुबक गुंडाळी केली, अंगण झाडलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलो.

निरंजनची आई कुसुमताई चहा घेऊन आल्या. कपच हातातून पडला.

"चिंध्या कुठं गेल्या?"

"कचरा होता, काढला!"

"अहो, फाटलेल्या जागांच्या खुणा होत्या त्या! आठ दिवस खपून शोधल्या. परवा होडी कशी जायची आता?"

हरेश्वरभाऊ, म्हणजे निरंजनचे वडील, बाहेर आले. ओटीवर मांडून ठेवलेलं सुपारीचं ताट उचलून आत गेले.

दिव्या रडवेली झाली. "पप्पा, तुमच्या कंपनीत खराब मालाला लाल चिठ्ठी कोण लावतं?"

"मी."

"मग?"

मग काय! आतल्या दाराशी जाऊन हात जोडले. "भाऊ, संध्याकाळपर्यंत एकूण एक भोक शोधून देतो. बावीस वर्षं तपासणीच केलीय!"

बसलो. पण जाळं म्हणजे सगळी भोकंच की, राव! तासाभरानं कुसुमताईंना दया आली. शेजारी बसून म्हणाल्या, "डोळ्यांनी नाही, बोटांनी बघा."

दिवेलागणीला टोपलीतली शेवटची चिंधी बांधली. तरी एक भोक उरलं! माझी छाती फुगली.

"बघा ताई! आठ दिवसांत तुमच्या नजरेतून सुटलेलं मी शोधलं!"

कुसुमताईंनी ते चाचपलं. "हे फाटलेलं नाही. कापलंय. तुमच्याच कटरनं."

हरेश्वरभाऊ दिवसभरात पहिल्यांदा हसले, आणि असे हसले की ठसका लागला. मग ताट बाहेर आलं, सुपारी फुटली! फोटोच्या वेळी कुसुमताईंनी जुन्या लाल साडीची एक चिंधी टरकन फाडली आणि माझ्या शर्टाच्या बटणाला बांधली.

फोटो कंपनीत सगळ्यांना दाखवलाय. हर्णैला व्याह्याचा मान असाच करतात, असं सांगितलंय. कोणी विचारलं तर तुम्हीही तेवढंच सांगा!